उंचावरचा तलाव कधी गोठला, कधी सुटला: उपग्रह प्रतिमांवरून नोंद कशी ठेवावी

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे त्याची बातमी होते, पण तो तलाव काही गोठत नाही. म्हणून पाण्यावर बर्फाचे कवच धरते कसे आणि सुटते कसे, हे सातारकरांना सहसा पाहायला मिळत नाही. तरीही अपशिंगे मिलिटरीसारखी गावे ज्या जिल्ह्यात आहेत तिथे सैन्यातली माणसे पुष्कळ आणि त्यांतल्या काहींनी लडाखचा हिवाळा काढलेला, त्यामुळे हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. गेले काही हिवाळे मी साताऱ्यात बसून लडाखच्या त्सो मोरिरी तलावाची नोंद ठेवत आलो आहे. त्यासाठी साधा संगणक, इंटरनेट आणि चिकाटी एवढेच लागले. ज्यांना हे काम सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी ही पद्धत सविस्तर लिहितो.

आधी नोंदवायचे काय ते ठरवावे. तलाव एका रात्रीत गोठत नाही. गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून वरचे पाणी थंड होऊन खाली जाते, खालचे वर येते, आणि हे ढवळणे संपेपर्यंत पृष्ठभागावर बर्फ टिकत नाही. उथळ कोपरे त्यामुळे आधी गोठतात आणि खोल मध्यभाग बराच मागे राहतो. या कारणाने ‘तलाव गोठल्याची तारीख’ अशी एकच तारीख लिहिण्यात अर्थ नसतो. चार टप्पे वेगळे लिहावेत: बर्फ प्रथम दिसला, तलाव पूर्ण झाकला गेला, पाणी पुन्हा प्रथम उघडे पडले, आणि बर्फ पूर्ण संपला. हवामानातला बदल वर्षानुवर्षांच्या याच तारखांच्या सरकण्यातून दिसतो. जागतिक हवामान निरीक्षणाच्या आवश्यक घटकांमध्ये तलावांवरील बर्फाचा समावेश आहे तो यासाठीच.

सुरुवातीला तलाव मोठा निवडावा. त्सो मोरिरी सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे, रुंद आहे आणि त्याचा आकार सरळ आहे. पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर असून त्याचे पाणी खारट आहे, तरीही तो हिवाळ्यात गोठतो. मात्र तो शंभर किलोमीटरहून लांब आणि जेमतेम पाच किलोमीटर रुंद असल्यामुळे नवख्याला जड जातो. तलाव ठरला की उन्हाळ्यातल्या स्वच्छ प्रतिमेवर क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रणालीत त्याची सीमारेषा आखावी आणि ती आत एक-दोन पिक्सेल (प्रतिमेतले सर्वांत लहान चौकोन) ओढून घ्यावी, कारण काठावरच्या पिक्सेलमध्ये पाणी, वाळू आणि किनाऱ्यावरचा बर्फ एकत्र मिसळलेला असतो. ही रेषा पुढे कधीही बदलू नये. रेषा बदलली की मागची सगळी टक्केवारी तुलनेला निरुपयोगी ठरते.

सुरुवातीला प्रतिमांचे तीन प्रकार पुरतात. मोडिस हा संवेदक टेरा उपग्रहावरून २००० पासून रोज प्रतिमा देतो. त्याच्या बर्फनोंदीचा पिक्सेल ५०० मीटरचा असल्याने बारकावे दिसत नाहीत, पण जुन्या वर्षांसाठी आणि रोजच्या नजरेसाठी तो उत्तम आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी १० मीटरपर्यंतचा तपशील देते. अमेरिकेचे लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह मिळून आठ दिवसांनी ३० मीटरची प्रतिमा देतात. सेंटिनेलच्या प्रतिमा कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर थेट पाहता येतात, आणि मोठी मालिका हिशेबाला घ्यायची असेल तर गुगल अर्थ इंजिन ही ऑनलाइन गणनसेवा सोयीची पडते. तिथे सेंटिनेल-२ चा ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संग्रह घ्यावा. जानेवारी २०२२ पासून या प्रतिमांच्या आकड्यांत १,००० ची भर घातलेली असते, ती या संग्रहात वजा केलेली मिळते.

गणिताकडे वळण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे, आणि यात घाई करू नये. उपग्रह प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींची वेगळी नोंद घेतो, त्यांना पट्टे म्हणतात; सेंटिनेल-२ चे ११, ८ आणि ४ क्रमांकाचे पट्टे अनुक्रमे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला दिले की बर्फ निळसर हिरवा, पाणी जवळजवळ काळे आणि पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरे दिसतात. साध्या रंगीत प्रतिमेत ढग आणि बर्फ दोन्ही पांढरेच असतात, म्हणून ही मांडणी हाताशी असलीच पाहिजे. डिसेंबरात सूर्य खाली असतो आणि दक्षिणेकडच्या डोंगरांची सावली तलावावर पडते. ती सावली पाण्यासारखीच काळी दिसते, परंतु तिची कड डोंगरमाथ्याच्या आकाराची असते आणि आठवड्यांगणिक सरकते.

आता हिमनिर्देशांक, म्हणजे पिक्सेलमध्ये बर्फ आहे का हे सांगणारा आकडा. हिरव्या पट्ट्याच्या परावर्तनातून (परत आलेल्या प्रकाशाच्या प्रमाणातून) लघुतरंग अवरक्त पट्ट्याचे, म्हणजे वरच्या ११ क्रमांकाच्या, परावर्तन वजा करावे आणि दोहोंच्या बेरजेने भागावे. उत्तर ०.४ च्या वर आले तर बर्फ, असा नियम सर्वत्र वाचायला मिळतो. जमिनीवर तो चालतो, तलावावर तो फसवतो. समजा बर्फ पडलेल्या भागाचे हिरवे परावर्तन ०.७० आणि लघुतरंग अवरक्त ०.०८ आहे, तर निर्देशांक ०.७९ येतो. उघड्या पाण्याचे आकडे ०.०६ आणि ०.०१ असतील तर निर्देशांक ०.७१ येतो, म्हणजे नियमाप्रमाणे तेही बर्फच! म्हणून निकट अवरक्त पट्ट्याची, म्हणजे ८ क्रमांकाच्या, दुसरी अट घालावीच लागते. त्याचे परावर्तन ०.११ पेक्षा जास्त असेल तरच पिक्सेल बर्फ धरावा. पाणी तिथे फारच थोडा प्रकाश परत पाठवते आणि या अटीवर गळून पडते.

या अटीनंतरही एक चूक उरते, ती माझ्याकडून झाली आहे. पहिल्या हिवाळ्यात तलावाच्या मध्यावरचा एक काळा पट्टा मी उघडे पाणी म्हणून लिहिला होता. आमच्या शेजारच्या निवृत्त सुभेदार काकांनी तिकडचे हिवाळे काढलेले होते, म्हणून प्रतिमा त्यांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, ह्यो काळा बर्फ असंल. काचंगत असतोय. काठाजवळ तर खालचे दगड दिसत्यात.” मी पुढच्या दोन प्रतिमा काढून पाहिल्या. त्याच काळ्या भागात लांब, सरळ, पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. त्या भेगा होत्या, आणि पाण्याला भेगा पडत नाहीत. वारा बर्फावरची भुकटी उडवून नेतो तेव्हा खालचा स्वच्छ बर्फ उपग्रहाला पाण्यासारखा दिसतो, आणि निकट अवरक्त पट्टाही तिथे धोका देतो. तेव्हापासून हिवाळ्याच्या मध्यावर एखादा भाग काळा दिसला की त्याच्या मागच्या आणि पुढच्या प्रतिमा पाहिल्याशिवाय मी निर्णय लिहीत नाही.

अशा वेळी रडार उपयोगी पडते. सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह सुमारे ५.५ सेंटिमीटर तरंगलांबीचे तरंग सोडून त्यांचे परतणे मोजतो, त्यामुळे ढग आणि रात्र यांची अडचण येत नाही. पण रडारची प्रतिमा फोटोसारखी वाचू नये. शांत पाणी काळे दिसते आणि वाऱ्याने लाटा उठल्या की तेच पाणी उजळते. नवा गुळगुळीत बर्फ काळा, तर भेगा आणि हवेचे बुडबुडे असलेला बर्फ उजळ दिसतो. वसंतात वरचा हिम ओला झाला की उजळ बर्फही पुन्हा काळवंडतो. म्हणून एका प्रतिमेवरून काही ठरत नाही, मालिका लावावी लागते: पाण्याची उजळी प्रत्येक प्रतिमेत बदलते, बर्फावरच्या भेगा मात्र प्रतिमेमागून प्रतिमा जागच्या जागी राहतात. तुलना नेहमी एकाच कक्षेतल्या प्रतिमांची करावी, कारण कोन बदलला की उजळपणाही बदलतो. सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागी सेंटिनेल-१सी डिसेंबर २०२४ मध्ये अवकाशात सोडला गेला, हेही ध्यानात ठेवावे. मधल्या हिवाळ्यांत प्रतिमा विरळ आहेत.

नोंद लिहिताना प्रामाणिकपणा सर्वांत जास्त लागतो. समजा ३ जानेवारीच्या प्रतिमेत मध्यभाग उघडा आहे, ८ आणि १३ तारखांना ढग आहेत, आणि १८ ला तलाव पूर्ण झाकलेला आहे. अशा वेळी ‘१० जानेवारी’ अशी मधली तारीख ठोकून देऊ नये, तर ‘३ ते १८ जानेवारीच्या दरम्यान’ असे लिहावे. ढगाखालचे क्षेत्र वेगळ्या रकान्यात टक्क्यांत ठेवावे, ते कधीही पाण्यात किंवा बर्फात मिळवू नये. एखाद्या वर्षीचे अंतर पंधरा दिवसांचे असेल, तर त्या वर्षी तलाव पाच दिवस उशिरा गोठला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

शेवटचा टप्पा सर्वांत फसवा असतो. बर्फ फुटू लागला की वारा त्याचे तुकडे एका काठाला रेटतो, तलावाचा मोठा भाग स्वच्छ दिसतो, आणि वारा फिरला की तेच तुकडे पुन्हा मध्ये येतात. म्हणून ‘बर्फ पूर्ण संपला’ हा शेरा ढग नसलेल्या सलग दोन प्रतिमांत संपूर्ण सीमारेषेच्या आत बर्फ नसेल तेव्हाच लिहावा, आणि तारीख म्हणून शेवटच्या बर्फाची प्रतिमा व पहिली स्वच्छ प्रतिमा या दोहोंमधले अंतर द्यावे.