उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या मूलपेशींवर नॉरएपिनेफ्रिनचा परिणाम: न्यूरोस्फिअर चाचणी कशी लावायची

प्रौढ मेंदूत मूलपेशी असतात, हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: एखादे चेताप्रेषक रसायन या मूलपेशींशी थेट बोलते, की शेजारच्या पेशींमार्फत निरोप धाडते? जिवंत उंदराला औषध टोचून याचे उत्तर मिळत नाही, कारण तिथे सगळेच एकमेकांत गुंतलेले असते. त्यासाठी पेशी सुट्या करून प्लेटमध्ये वाढवाव्या लागतात. रेनॉल्ड्स आणि वाइस यांनी १९९२ मध्ये मांडलेली न्यूरोस्फिअर पद्धत, म्हणजे सुट्या पेशी विभागून बनवतात ते गोळे (स्फिअर) मोजण्याची पद्धत, अजूनही यासाठी सर्वांत सोपी. फसवीही तितकीच.

इथे नॉरएपिनेफ्रिन हे चेताप्रेषक घेतले आहे, कारण त्याचा माग मुंबईपर्यंत जातो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) विदिता वैद्य यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले, की रॅटच्या मेंदूतले नॉरएपिनेफ्रिन घटवले की हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातल्या पूर्वज पेशींची (मूलपेशी आणि त्यांच्यापासून झालेल्या, अजून विभागणाऱ्या पेशी) विभागणी मंदावते. २०१० मध्ये ब्रिस्बेन आणि मुंबईच्या संशोधकांनी मिळून पुढचा धागा पकडला: नॉरएपिनेफ्रिन उंदराच्या पूर्वज पेशींना बीटा-३ रिसेप्टरमार्फत थेट जागे करते, सेरोटोनिन मात्र तसे करत नाही. म्हणजे उत्तर साधारण ठाऊक असलेला प्रयोग. नवीन माणसाने हात बसवायला तोच घ्यावा. ठाऊक असलेले उत्तर आले नाही, तर चूक आपल्या प्लेटमध्ये आहे हे लगेच कळते.

आधीची तयारी

संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी हातात असल्याशिवाय उंदराला हात लावायचा नाही. उंदीर ६ ते ८ आठवड्यांचे, एकाच लिंगाचे, सारख्या पिंजऱ्यांतले हवेत. फिरते चाक असलेल्या पिंजऱ्यातला एक आणि नसलेल्यातला एक अशी सरमिसळ नको, कारण व्यायामानेच हिप्पोकॅम्पसमधली पेशीनिर्मिती वाढते. प्राणी आदल्या दिवशीच प्रयोगशाळेजवळ आणून ठेवा आणि विच्छेदन दर वेळी त्याच तासाला करा. ऐनवेळी ट्रॉलीवरून आणलेल्या घाबरलेल्या उंदराच्या मेंदूत आपण तपासणार तेच रसायन आधीच उसळलेले असते. उंदीर मारताना केटामाइनची भूल टाळा, ते ग्लुटामेट या चेताप्रेषकाचा एनएमडीए रिसेप्टर अडवते. आयसोफ्लुरेन ही भूलही गाबा या चेताप्रेषकाच्या रिसेप्टरवर काम करते. प्रशिक्षित माणसाने मान विस्थापित करणे हे या चाचणीसाठी स्वच्छ.

मीडियम (पेशी वाढवण्याचे द्रावण): न्यूरोबेसल, त्यात बी-२७ हे पूरक मिश्रण (व्हिटॅमिन ए नसलेले), २ मिलिमोलर ग्लुटामाइन, २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ईजीएफ, २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर बीएफजीएफ (हे दोन ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना विभागायला लावणारी प्रथिने) आणि २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हेपॅरिन. व्हिटॅमिन ए असलेली बाटली चुकून उघडली, तर पेशी वाढण्याऐवजी विभेदनाच्या (चेतापेशी वगैरे पक्क्या पेशी बनण्याच्या) वाटेला लागतात. बीएफजीएफ ३७ अंशांवर लवकर निकामी होतो, हेपॅरिन त्याला धरून ठेवते, म्हणून ते गाळू नका. ग्रोथ फॅक्टरचे स्टॉक ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) घातलेल्या बफरमध्ये करा, नाहीतर अर्धा माल नळीच्या प्लास्टिकलाच चिकटतो. लहान भाग करून गोठवा. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही.

एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात: मीडियममध्ये आधीच कोणते सिग्नल आहेत? डीएमईएम-एफ१२ या दुसऱ्या मीडियममध्ये ग्लुटामेट असते, न्यूरोबेसलमध्ये नसते. ग्लायसीन मात्र दोन्हींत असते आणि एनएमडीए रिसेप्टरला ते लागतेच. बी-२७ मध्ये कॉर्टिकोस्टेरोन, प्रोजेस्टेरोन आणि थायरॉइडचे टी-३ असते. ताणाच्या हार्मोनचा परिणाम तपासणाऱ्याने बी-२७ वापरून 'काहीच फरक पडला नाही' असे लिहिणे म्हणजे खारट आमटीत चिमूटभर मीठ टाकून चव बघणे.

डेंटेट गायरस वेगळा काढणे

डेंटेट गायरस म्हणजे हिप्पोकॅम्पसचा मूलपेशी असलेला पट्टा. मेंदू बर्फावरच्या एचबीएसएस या क्षारांच्या बफरमध्ये घ्या, मध्यरेषेवर उभा कापा. एक अर्धा भाग आतली बाजू वर करून ठेवा, ब्रेनस्टेम आणि डायएनसेफॅलॉन अलगद बाजूला सारा. हिप्पोकॅम्पसची आतली बाजू उघडी पडते. विच्छेदन मायक्रोस्कोपखाली प्रकाश तिरका पाडला, की डेंटेट गायरस आणि हिप्पोकॅम्पसच्या उरलेल्या (सीए) भागाच्या मधली फट पुसट रेषेसारखी दिसते. तिथे बारीक सुईचे टोक रुतवा आणि रेषेच्या कडेकडेने सरकवत न्या. डेंटेट गायरस जवळजवळ आपणहून सुटतो. रेषा दिसत नसेल, तर मेंदू फार वेळ बफरमध्ये राहून फुगला आहे. एका मेंदूला पाच मिनिटांहून जास्त देऊ नका.

इथली हलगर्जी महागात पडते. वेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) भिंतीचा तुकडा सोबत आला, तर तिथल्या मूलपेशी हिप्पोकॅम्पसच्या कितीतरी पट जास्त स्फिअर देतात आणि तुम्ही भलत्याच जागेचे मोजमाप करता.

दोन्ही बाजूंचा ऊतक ब्लेडने बारीक चिरा. पपेन २.५ युनिट, डिस्पेज १ युनिट आणि डीएनेज २५० युनिट प्रति मिलिलिटर अशा विकरांच्या मिश्रणात ३७ अंशांवर २० मिनिटे ठेवा. मग १००० मायक्रोलिटरच्या पिपेटने १५ ते २० वेळा वरखाली करा. टिप आधी बीएसएच्या द्रावणात ओली करून घ्या आणि बुडबुडा येऊ देऊ नका. हवा आणि द्रव जिथे भेटतात तिथे पेशी फाटतात. शेवटी धागे लोंबताना दिसले, तर ते मेलेल्या पेशींचे डीएनए. तेव्हा जोर लावू नका, थोडे डीएनेज घालून पाच मिनिटे थांबा.

४० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळून पेशी धुवा आणि मायलिन (चेतातंतूंवरचे स्निग्ध आवरण) वेगळे काढण्यासाठी पेरकॉल या जड द्रावणाची पायरी करा. ९ भाग पेरकॉल व १ भाग दहापट तीव्रतेचे पीबीएस (फॉस्फेट-क्षारांचे बफर) असे आधी समतोल करून घ्या; त्यातले २.२ मिलिलिटर आणि बफर ७.८ मिलिलिटर घेतले, की २२ टक्के झाले. त्यात पेशी मिसळून ४५० जी वर २० मिनिटे, ब्रेक बंद ठेवून फिरवा. मायलिनचा पांढुरका थर वर तरंगतो. तो आधी काढा, मग बाकीचा द्रव. तळाशी जे राहते ते डोळ्यांना जेमतेम दिसते. ठळक पांढरा गोळा दिसला, तर आनंदू नका, मायलिन गेलेले नाही. दोनदा धुवा, म्हणजे पेरकॉलही जाईल.

प्लेट लावणे

९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमधले कडेचे ३६ वेल पीबीएसने भरून टाका. तिथे बाष्पीभवन जास्त होते आणि बारा दिवसांत क्षारांचे प्रमाण बदलते. आतले ६० उरतात, त्यांचे १५-१५ चे चार गट पाडा: काहीच नाही (कंट्रोल, फक्त द्रावके), फक्त नॉरएपिनेफ्रिन, फक्त ब्लॉकर (रिसेप्टर अडवणारे औषध) आणि दोन्ही. एका उंदराच्या पेशी एकाच प्लेटवर चारही गटांत वाटायच्या. हा नियम मोडू नका, कारण उंदरागणिक स्फिअरची संख्या खूप बदलते.

पेशी ९.५ मिलिलिटर मीडियममध्ये मिसळा आणि दर वेलमध्ये १५० मायक्रोलिटर टाका. पेशी तळाशी बसतात, म्हणून दर ओळीनंतर नळी हलकेच उलटीसुलटी करा. त्यावर २५ मायक्रोलिटर ब्लॉकर किंवा त्याचे नुसते द्रावक. ३० मिनिटांनी २५ मायक्रोलिटर नॉरएपिनेफ्रिन किंवा त्याचे द्रावक. वेलमध्ये एकूण २०० मायक्रोलिटर होतात, म्हणून दोन्ही अंतिम तीव्रतेच्या आठपट करून ठेवायचे.

नॉरएपिनेफ्रिन अंतिम १० मायक्रोमोलर हवे असेल, तर त्याच्या बायटार्ट्रेट मोनोहायड्रेटचे ३.३७ मिलिग्रॅम १ मिलिलिटर पाण्यात घेतले की १० मिलिमोलर स्टॉक होतो. हायड्रोक्लोराइड असेल तर २.०६ मिलिग्रॅम. बाटलीवर कोणता क्षार लिहिला आहे ते न वाचता वजन करणे ही नेहमीची चूक. पाण्यात आधी १० मिलिमोलर अॅस्कॉर्बिक आम्ल घाला, स्टॉक त्याच दिवशी करा, अंधारात बर्फावर ठेवा. त्यातले ८ मायक्रोलिटर १ मिलिलिटर मीडियममध्ये टाकले की आठपट तयार. कंट्रोलच्या द्रावकातही तेवढेच अॅस्कॉर्बिक आम्ल हवे.

स्टॉकला गुलाबी छटा आली की तो टाकून द्या, ते ऑक्सिडीकरण आहे. हा रंग म्हणजे निव्वळ ताकद कमी झाल्याची खूण नव्हे. नॉरएपिनेफ्रिनसारखी कॅटेकोलअमाइन रसायने मीडियममध्ये ऑक्सिडाइज होताना हायड्रोजन पेरॉक्साइड बनते, आणि पेशींवर दिसणारा परिणाम कधी कधी त्या पेरॉक्साइडचाच असतो. शंका असेल, तर एका प्लेटमध्ये कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारे विकर) घातलेला गट ठेवा. परिणाम पुसला गेला, तर रिसेप्टरचा काही संबंध नव्हता. दुसरा मार्ग, बीटा-३ ला चेतवणारे बीआरएल-३७३४४ वापरा. त्याच्या रेणूत ऑक्सिडाइज होणारा कॅटेकोल हा भाग नाही, त्यामुळे ही भानगड टळते.

ब्लॉकर निवडताना सवयीने प्रोप्रानोलॉल उचलले जाते. ते बीटा-१ आणि बीटा-२ छान अडवते, बीटा-३ वर मात्र दुबळे. त्याने परिणाम थांबला नाही म्हणून 'बीटा रिसेप्टर नाही' असे लिहिणारे प्रबंध सापडतात! एसआर-५९२३०-ए बीटा-३ साठी वापरतात, पण मात्रा वाढवली की तेही इतर रिसेप्टरांवर चढते. म्हणून एकच मात्रा न घेता तीन मात्रांची ओळ लावा.

बारा दिवस

प्लेट ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये, मागच्या कोपऱ्यात ठेवा. दारावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लावा आणि ती स्वतःलाही लागू आहे हे ध्यानात ठेवा. रोज काढून बघण्याची उबळ येते. पण स्फिअर स्वतः हलतात, एकमेकांना भेटले की चिकटतात, आणि प्लेट हलवली की हे आणखी वाढते. दोन स्फिअर मिळून एक झाले, तर संख्या घटते, आकार वाढतो, आणि औषधाने विभागणी वाढवली असा खोटा निष्कर्ष तयार होतो. मधे मीडियमही बदलू नका.

दहाव्या ते बाराव्या दिवशी मोजा. मोजणाऱ्याला कोणता गट कोणता हे माहीत नसावे. वेलचे आकडे दुसऱ्याने झाकून द्यावेत. खरा स्फिअर उजेडात चमकतो आणि कडेला बारीक लव असल्यासारखी दिसते. गुळगुळीत, करडा, लव नसलेला गोळा बहुधा कचऱ्याचा गठ्ठा. मधोमध काळपट डाग म्हणजे आतल्या पेशी मरताहेत, उशीर झाला. संख्या आणि व्यास दोन्ही नोंदवा, कारण त्यांचा अर्थ वेगळा: संख्या वाढली तर जास्त पेशी जाग्या झाल्या किंवा वाचल्या, व्यास वाढला तर जाग्या झालेल्या जास्त वेळा विभागल्या. 'वाचल्या' ही शक्यता बाजूला काढायला वेगळ्या प्लेटवर २४ तासांनी जिवंत पेशी मोजा.

नॉरएपिनेफ्रिनने काहीच हलले नाही, तर शेवटच्या प्रयत्नाआधी १५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडचा गट घाला. त्याने हिप्पोकॅम्पसमधून स्फिअरची संख्या वाढते हे २००८ मध्ये दाखवले गेले आहे. तिथेही वाढ नसेल, तर पेशी काढण्याची पायरीच बिघडली आहे, रसायनाला दोष देऊ नका.

आकडेवारीत एकक उंदीर आहे, वेल नव्हे. एका उंदराच्या १५ वेलांची बेरीज म्हणजे एक आकडा, आणि तुलना त्याच उंदराच्या कंट्रोलशी, जोडीने. ६ उंदीर म्हणजे ६ आकडे. ९० वेल दाखवून पी-व्हॅल्यू खाली आणणे ही शुद्ध फसवणूक.

शेवटी हे स्फिअर मूलपेशींचे आहेत का, ते पाहावेच लागते. ईजीएफने चेतवलेल्या, झपाट्याने विभागणाऱ्या मधल्या पेशीही स्फिअर देतात, त्यामुळे 'स्फिअर म्हणजे मूलपेशी' हे समीकरण चालत नाही. एकेक स्फिअर वेगळा उचला, सुटा करा, पुन्हा पेरा. किमान पाच पिढ्या टिकतो का पाहा. काही स्फिअर पॉलिलायसिन आणि लॅमिनिन लावलेल्या काचेवर ग्रोथ फॅक्टरशिवाय ७ दिवस ठेवा, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने २० मिनिटे स्थिर करा आणि चेतापेशींसाठी बीटा-३ ट्युब्युलिन, अॅस्ट्रोसाइटसाठी जीएफएपी, ऑलिगोडेन्ड्रोसाइटसाठी (मायलिन बनवणाऱ्या पेशींसाठी) ओ४ या खुणेची प्रतिपिंडे लावा. ओ४ चे लक्ष्य पेशीच्या पृष्ठभागावरचा स्निग्ध रेणू आहे, पेशीत छिद्रे पाडण्यासाठी वापरतात त्या ट्रायटन या साबणासारख्या रसायनाने तो धुऊन जातो. म्हणून ओ४ आधी, ट्रायटन नंतर. उलटे केले तर ऑलिगोडेन्ड्रोसाइट शून्य दिसतील.