घायपात लावायची तर आधी मुरूम आणा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, पण रुजलेली घायपात (अगेव्ह, जाड काटेरी पानांचं झाड) उन्हाने मरत नाही. ती मरते श्रावणात, काळ्या मातीत साचलेल्या पाण्याने.

काळ्या रानात खड्डा खणून लावली की पावसाळ्यात त्या खड्ड्याचा हौद होतो. आत मुरूम भरला तरी भोवतालची माती पाणी जिरू देत नाही. त्यापेक्षा जमिनीवरच फूटभर उंच, तीन फूट रुंद ढीग करा: दोन घमेली मुरमाला एक घमेलं जाड वाळू आणि एक घमेलं माती, हे प्रमाण. वर ओंजळभर कुजलेलं शेणखत पुरे. युरिया टाकलात तर पानं लुसलुशीत होऊन लोळतात. जमीन मुळातच मुरमाड असेल तर हा खटाटोप नको.

लागवड दसरा-दिवाळीच्या सुमारास करावी. मोठ्या झाडाच्या बुडाशी आलेलं वीतभर पिल्लू थोड्या मुळांसह धारदार सुरीने तोडा आणि सावलीत पाच-सहा दिवस वाळू द्या. काप कोरडा होऊन कडक झाला पाहिजे. ओला काप मातीत गेला की तिथूनच कूज लागते. लावताना पानांचं बूड मातीच्या वर ठेवा. पहिलं पाणी आठवड्याने, मग हिवाळाभर पंधरा दिवसांनी. उन्हाळ्यात वीस दिवसांनी, पावसाळ्यात अजिबात नाही. बागेत ठिबक असेल तर घायपातीजवळचा ड्रिपर बंद करा. केळीच्या हिशेबाचं पाणी तिला सोसत नाही.

हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. चीक लागला तर कातडीला आग होते, पुरळ उठतं. कोरफड समजून तो तोंडाला चोळणारेही भेटतात! पान मोडून पाहा: कोरफडीत गर असतो, घायपातीत दोराचे धागे.

मोठी जात सहा-आठ फूट पसरते, तेव्हा वाटेपासून पाच फूट आत लावा. घरात लहान मुलं असतील तर शेंड्याचा काटाच कात्रीने छाटा, पान नको.

नर्सरीत शेडनेटखाली वाढलेलं रोप एप्रिलमध्ये थेट उन्हात ठेवलं तर पानांवर पांढरे चट्टे पडतात. ते पुन्हा हिरवे होत नाहीत. आधी पंधरा दिवस फक्त सकाळचं ऊन द्या. खालचं एखादं पान वाळणं नेहमीचंच. पण बुडाशी पान पिवळं, मऊ पडलं, वास यायला लागला आणि मधला कोंब हलवल्यावर डुलला, तर झाड उपटून कुजकं तेवढं कापा, वाळवा, नव्या मुरमात लावा. कोंबच उपटून हातात आला तर पिल्लं वाचवायची.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने खरवडून काढा.

विजेच्या तारेखाली मात्र लावू नका. दहा-वीस वर्षांनी एकदाच फुलोरा येतो, दांडा वीस फुटांच्या वर जातो आणि मग मूळ झाड वाळतं. तोवर बुडाशी पिल्लं तयार असतात.