इंदूरला नवीन आहात आणि मुलांचं कॉलेज तोंडावर आहे?

यजमानांना पीथमपूरला नोकरी लागली म्हणून आम्ही आठ वर्षांपूर्वी नाशिकहून इंदूरला आलो. घर, गॅस, पोह्यांवरची शेव, सगळं आपोआप अंगवळणी पडतं. स्कॉलरशिप पडत नाही.

एक तर आपण ना इकडचे ना तिकडचे. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीसाठी महाराष्ट्रातच शिकावं लागतं. इथल्या, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या मेधावी योजनेला बारावीचे टक्के (एमपी बोर्ड 70, सीबीएसई 85) असले तरी 'मूल निवासी' (डोमिसाइल) दाखला लागतो, आणि तो आल्या आल्या मिळत नाही. जातीच्या दाखल्यावरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मूळ राज्याकडेच मागायची.

उरते केंद्र सरकारची 'सेंट्रल सेक्टर' शिष्यवृत्ती: पदवीची तीन वर्षं, वर्षाला 12,000. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि बारावीला आपल्या बोर्डात वरच्या 20 टक्क्यांत नंबर हवा. बारावी महाराष्ट्र बोर्डाची असली तरी चालते. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला 50 टक्के गुण, 75 टक्के हजेरी.

आता आमची ठेच. लेकीची शिष्यवृत्ती मंजूर झाली, खात्यात दमडी नाही. इथल्या बँकेत तीन खेपा घातल्या. दर वेळी उत्तर एकच, "आधार लिंक है, मॅडम." लिंक होतंच! पण नुसतं लिंक वेगळं आणि सरकारी पैशासाठी खातं आधारला जोडणं वेगळं, त्याला सीडिंग म्हणतात. पैसा सगळ्यात शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात जातो. आणि लेकीचं सीडिंग होतं नाशिकच्या शाळेत असताना काढलेल्या, कधीच बंद पडलेल्या खात्याला. त्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून फॉर्मच्या आधी आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या किऑस्कवाल्याच्या "हो जाएगा, आंटी"वर विसंबू नका. इंदूरची माणसं जीव लावतात, पण 'हो जाएगा' हा त्यांचा तकियाकलाम आहे.

नावही तपासा. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, इथल्या कागदांवर शेवटी. आणि हिंदीत ळ नाही, त्यामुळे काळ्यांचे काले होतात.

कर्ज? साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं.

आपली मराठी मंडळी "आपण काय गरजू आहोत का?" म्हणत शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत नाहीत आणि जानेवारीत मला फोन करतात. तेव्हा पोर्टल बंद झालेलं असतं. भरलात तरी कॉलेजने ऑनलाइन पडताळणी केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. लेकीचा फॉर्म दोन आठवडे तिथेच अडकला होता. शेवटी मीच डबा घेऊन कॉलेजच्या बाबूंच्या टेबलापाशी जाऊन बसले.