परदेशी निघताना काविळीच्या लशीबाबत या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात एक गृहस्थ हिपॅटायटिस बीच्या (विषाणूमुळे यकृताला सूज येऊन होणाऱ्या काविळीच्या एका प्रकाराच्या) लशीची कुपी घेऊन माझ्या नाशिकच्या दवाखान्यात आले. उन्हात ती खराब होऊ नये म्हणून त्यांनी ती फ्रीजरमधून काढलेल्या बर्फाच्या पॅकला चिकटवून आणली होती आणि आतले औषध गोठून गेले होते. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. एकदा गोठली की तिचा गुण जातो, आणि पुन्हा वितळल्यावर ती वरवर चांगलीच दिसू शकते. म्हणून लस स्वतः वाहून आणण्यापेक्षा दवाखान्याच्याच फ्रीजमधली घ्यावी. बीची लस प्रौढांनी दंडातच टोचून घ्यावी, कारण कमरेवर टोचल्यास तिचा परिणाम कमी होतो.

द्राक्षाच्या व्यापारासाठी युरोपात जाणारे निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार असोत की सहलीला निघालेली कुटुंबे, बहुतेकांच्या यादीत व्हिसा, विमा आणि चलन असते, पण ही लस नसते. आफ्रिकेतल्या काही देशांसाठी पिवळ्या तापाच्या लशीचे प्रमाणपत्र लागते आणि ते हाती आले की ‘काविळीची लस झाली’ अशी अनेकांची समजूत होते. पिवळा ताप डासांमुळे होणारा वेगळा आजार आहे. त्याच्या लशीने हिपॅटायटिसपासून कसलेही संरक्षण मिळत नाही.

‘मला लहानपणी कावीळ होऊन गेली आहे’ हे कारणही पुरेसे नाही. ती बहुधा दूषित पाण्यातून होणारी ए प्रकारची असते. तिच्यामुळे रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून किंवा नीट निर्जंतुक न केलेल्या सुईतून पसरणाऱ्या बी प्रकाराला अटकाव होत नाही. बीची लस सरकारी लसीकरणात देशभर २०११च्या सुमारास पोहोचली, त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांनी ती घेतलेलीच नसते. दाढीचे ब्लेड, गोंदण, दातांचे उपचार या गोष्टी श्रीमंत देशांतही असतात, तेव्हा ‘मी युरोपलाच जातो आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये.

सर्वांत जास्त घोळ वेळेचा होतो. बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. प्रवासाला जेमतेम महिना उरला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ०, ७ आणि २१ दिवसांनी तीन डोस घेऊन वर्षाने चौथा घेता येतो. एची लस निघण्याच्या आदल्या दिवशी घेतली तरी न घेण्यापेक्षा बरी, मात्र पहिल्या डोसचे पुरते संरक्षण तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. मधला डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. राहिलेला डोस घ्यावा.

आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांची, विशेषतः आपल्या परिचारिका भगिनींची, एक अडचण मला फार बोचते. त्यांच्या वैद्यकीय तपासणीत बीचा प्रतिजन (विषाणूचा अंश, जो रक्तात सापडला की संसर्ग झाला असे धरतात) तपासला जातो आणि लस घेतल्यावर साधारण तीन आठवडे तो लशीमुळेच पॉझिटिव्ह दिसू शकतो. एवढ्यावरून नोकरी हुकण्याची पाळी येऊ नये म्हणून आधी तपासणी करून घ्यावी, मग लस टोचावी. आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांनी शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडे (विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने) मोजून घ्यावीत. ती १० mIU/mL (अहवालात छापलेले एकक) किंवा त्याहून जास्त भरली, तर लस लागू पडली असे समजतात.

सी प्रकारावर लसच नाही, तर ई प्रकारावरची लस आपल्याकडच्या नेहमीच्या लसीकरणात नाही. तेव्हा स्वच्छ पाणी, साबणाने धुतलेले हात आणि निर्जंतुक सुई यांनाच धरून राहावे लागते. बर्फ घातलेली पेये आणि कच्चे शिंपले टाळावेत.

परतल्यानंतरची चूक तर अगदी आपल्या घरातली आहे. एची लक्षणे १५ ते ५० दिवसांनी आणि बीची कधी कधी सहा महिन्यांनीही दिसतात. तोवर प्रवासाचा विसर पडतो आणि माणूस कावीळ उतरवून घ्यायला जातो. ए प्रकार बहुधा आपोआप बरा होत असल्याने श्रेय उतरवणाऱ्याला मिळते, पण बी प्रकार त्या मुदतीत यकृताला इजा करीत राहू शकतो. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर कोठे गेलो होतो हे सांगून रक्त तपासून घ्यावे, मद्य बंद करावे आणि पॅरासिटामॉल स्वतःच्या मनाने घेऊ नये. स्त्री गर्भवती असेल तर, ई प्रकार तिच्या जिवावर बेतू शकत असल्याने, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.