हंता विषाणू वाहणारा उंदीर कसा ओळखावा

सोयाबीनची बनीम मोडताना तळातून जे जे पळते, त्या सगळ्याला उंदीर म्हणून आपण मोकळे होतो. अंगाने फार मोठा असेल तर घूस, वास मारत असेल तर चिचुंद्री; रोजच्या बोलण्याला एवढे तीन शब्द पुरतात. उंदरांकडून माणसाला लागण करणाऱ्या हंता विषाणूंच्या बाबतीत मात्र ते पुरत नाहीत, कारण या गटातला प्रत्येक विषाणू साधारणपणे एकाच जातीच्या, फार तर तिच्या अगदी जवळच्या भाऊबंदांच्या शरीरात पिढ्यानपिढ्या टिकून राहतो आणि त्या यजमान जातीचा वावर जिथपर्यंत, तिथपर्यंतच त्याचा मुख्य धोका असतो. समोरचा प्राणी नेमका कोणत्या जातीचा हे ठरवता आले, तर धोक्याविषयीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

ओळखीची सुरुवात प्राण्यापासून नव्हे, नकाशापासून करावी. कोरिया आणि चीनमध्ये पाठीच्या मधोमध काळी रेघ असलेला शेतातला उंदीर ‘हंतान’ विषाणू वाहतो. कोरियन शास्त्रज्ञ हो वांग ली यांनी १९७६ मध्ये याच उंदराच्या फुप्फुसात त्याचा माग काढला आणि तिथल्या हंतान नदीवरून त्याला नाव मिळाले. उत्तर युरोपात तांबूस पाठीचा, बोथट तोंडाचा आणि आखूड शेपटीचा बँक व्होल हा उंदरासारखा प्राणी ‘पूमाला’ विषाणू वाहतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात १९९३ मध्ये धडधाकट तरुण माणसे श्वास कोंडून दगावू लागली, तेव्हा शोध डियर माउस या तिथल्या उंदरापर्यंत आणि ‘सिन नोम्ब्रे’ विषाणूपर्यंत पोहोचला. चिली आणि अर्जेंटिनातला लांब शेपटीचा, तांदळी उंदरांच्या गटातला उंदीर ‘अँडीज’ विषाणू बाळगतो, आणि माणसाकडून माणसाकडे पसरल्याचा पक्का पुरावा असलेला हंता विषाणू हाच. यांपैकी एकही प्राणी मराठवाड्यात नाही.

हे इतके ठासून सांगण्याचे कारण म्हणजे मोबाइलवर फिरणारे डियर माउसचे छायाचित्र. मोठे डोळे, मोठे कान, पांढरेशुभ्र पोट आणि वरून गडद, खालून फिकट अशी दुरंगी शेपूट ही त्याची लक्षणे खरीच आहेत. पण आपल्या शेतातल्या अंगठ्याएवढ्या इवल्या उंदराचे पोटही पांढरे असते, आणि मऊ केसांच्या शेतउंदराची शेपूटही वरून गडद व खालून फिकट असते. एखाद्या आखाड्यावर असा उंदीर दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पोटाचा रंग ही ओळखीची शेवटची खूण मानावी, पहिली नव्हे.

आपल्याकडे लक्ष ठेवण्याजोगी जात वेगळीच आहे. ‘सोल’ विषाणू वाहणारा तपकिरी उंदीर, ज्याला नॉर्वे उंदीर असेही म्हणतात, जहाजांबरोबर जगभर पसरला. तो गटारे, गोदामे आणि बंदरांच्या शहरांत रमतो. त्यामुळे शेतापेक्षा बाजारपेठ, मोंढा आणि नाल्याकाठच्या वस्तीत सापडलेला मोठा उंदीर अधिक बारकाईने पाहावा.

पाहण्याआधी हात झाकावेत. विषाणू मूत्र, लेंड्या आणि लाळेतून बाहेर पडतो आणि वाळलेली धूळ श्वासावाटे आत गेल्याने माणसाला लागण होते, म्हणून बंद खोलीत किंवा जुन्या बळदात शिरण्यापूर्वी दारे-खिडक्या निदान अर्धा तास उघड्या ठेवाव्यात आणि लेंड्यांवर कोरडा झाडू कधीही फिरवू नये. द्रव ब्लीचचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळून ते पाणी मेलेल्या प्राण्यावर आणि आसपास भिजेपर्यंत शिंपडावे, पाच मिनिटे थांबावे आणि मगच रबरी हातमोजे घालून, शक्यतो एन-९५ मुखपट्टी लावून, चिमट्याने उचलावे. तोंडाला उपरणे बांधून भागते अशी समजूत आहे. बारीक धुळीपुढे त्याचा भरवसा धरू नये.

आता मोजमाप. प्राणी कुशीवर ठेवावा, शेजारी शाळेतली पट्टी ठेवावी आणि नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी एकदा व शेपटीची लांबी एकदा, अशा दोन संख्या लिहून घ्याव्यात. शेपूट अंगापेक्षा लांब, कान मोठे व पातळ आणि सापडण्याची जागा माळवदाची तुळई किंवा आढे असेल, तर तो घरातला चढणारा उंदीर होय. शेपूट अंगापेक्षा आखूड, देह जाड आणि तोंड बोथट असेल, तर प्रश्न उरतो तो नॉर्वे उंदीर की घुशीच्या कुळातला. इथे शेपूट उलटी करून पाहावी: नॉर्वे उंदराची शेपूट खालच्या बाजूने फिकट असते, तर घुशीची आणि तिच्या धाकट्या भावाची, म्हणजे बांधावर ताज्या मातीचे ढीग काढून बिळात कणसे साठवणाऱ्या काळपट उंदराची, शेपूट सगळीकडून सारखीच गडद असते. ही एक खूण जाणकारांनाही उपयोगी पडते आणि तीच बहुतेक लोक पाहायची विसरतात.

शेपटीच्या टोकाला काळ्या केसांचा झुपका, मागचे पाय लांब आणि वरच्या पुढच्या दातांवर उभी खाच दिसली, तर तो माळरानावरचा जर्बिल उंदीर समजावा. लेंड्यांवरून मात्र जात ठरवू नये. लहान की मोठा, एवढेच त्यातून कळते.

चिचुंद्रीची गोष्ट निराळी. लांब निमुळते नाक, मोहरीएवढे डोळे आणि तुरळक लांब केसांची जाड शेपूट असलेला हा प्राणी उंदीर नव्हेच. त्याला कुरतडणारे पटाशीसारखे दात नसतात आणि तो किड्यांवर जगतो. गंमत अशी, की भारतात मिळालेला ‘थोट्टापालयम’ हा हंता कुळातला विषाणू १९६४ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोर इथे चिचुंद्रीतच सापडला. त्यामुळे माणसाला आजार होतो असे दिसलेले नाही, तेव्हा घरातली चिचुंद्री मारायला हे निमित्त करू नये.

जात ओळखली म्हणजे विषाणू सापडला असे नव्हे. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्ट १९९४ मध्ये प्लेगचे रुग्ण आढळले, त्याआधी उंदीर मरून पडू लागले होते. ती पिढी अजूनही ‘उंदीर मेला की गाव सोडा’ हे विसरलेली नाही. हंता विषाणू असा इशारा देत नाही. यजमान उंदीर आयुष्यभर विषाणू बाळगतो आणि तरीही धडधाकट, तुकतुकीत दिसतो, त्यामुळे मरतुकडा तोच धोक्याचा आणि ठणठणीत तो निर्धोक, हा हिशेब इथे उलटा पडतो. संसर्ग पिलांपेक्षा मोठ्या नरांत जास्त आढळतो, कारण तो भांडणातल्या चाव्यांतून पसरतो. म्हणून अंगावर जुने व्रण असलेला मोठा नर नोंदवण्यासारखा ठरतो.

पुढचे काम प्रयोगशाळेचे. रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिने, सापडली तर उंदराला कधीतरी लागण झाली एवढेच सिद्ध होते, आणि ती शेजारच्या जातीकडून उडालेली ठिणगीही असू शकते. त्याच जातीच्या अनेक प्राण्यांत, वेगवेगळ्या हंगामांत, फुप्फुसातून विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, मिळाला, तरच ती जात खरी यजमान मानतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या भागातल्या सायटोक्रोम बी या जनुकाची तपासणी करून जातीचे नावही पक्के करतात, कारण वाळलेल्या किंवा कुजलेल्या नमुन्यावर रंग आणि कान दोन्ही दगा देतात.

नमुना किंवा छायाचित्र पशुवैद्यकाकडे वा प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाकडे देताना चिठ्ठीवर गाव, तारीख, नर की मादी, लांबीच्या दोन्ही संख्या आणि जागा लिहावी. ‘शेतात’ असे मोघम न लिहिता ‘आखाड्यातल्या कडब्याखाली’ किंवा ‘गोठ्याच्या भिंतीतल्या बिळात’ असे लिहावे. छायाचित्रे तीन हवीत: कुशीवरून, पोटाकडून आणि उलट्या शेपटीचे जवळून. सफाई करणाऱ्याला पुढच्या आठ आठवड्यांत ताप, कंबरदुखी, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे सुरू झाले, तर त्याच चिठ्ठीची एक प्रत डॉक्टरांनाही दाखवावी.