पाचवी ते नववी: नाशिकमध्ये मुलाला नव्या शाळेत घालताना

नाशिकमध्ये मुलाची शाळा बदलायची वेळ साधारण चार वळणांवर येते. जिल्हा परिषदेची किंवा जवळची प्राथमिक शाळा चौथीला संपली की पाचवी. नवोदय किंवा सैनिक स्कूल डोक्यात असेल तर सहावी. सातवीपर्यंतच्या शाळेतून बाहेर पडताना आठवी. आणि बोर्ड बदलायचं किंवा फी झेपेनाशी झाली की नववी. प्रत्येक वळणाचे नियम वेगळे. पालकांची अर्धी धावपळ एका इयत्तेचा नियम दुसरीला लावल्यामुळे होते. मी शाळेच्या कार्यालयात बसतो. खिडकीच्या आतून जे दिसतं ते क्रमाने सांगतो.

परीक्षा आहे की नाही, ते आधी बघा

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ प्रमाणे आठवीपर्यंत शाळेला प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घेता येत नाही, पालकांची मुलाखतही घेता येत नाही. पहिल्यांदा घेतली तर २५ हजारांपर्यंत दंड, त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. डोनेशन घेतलं तर घेतलेल्या रकमेच्या दहापट. तरीही 'फक्त थोडं इंटरॅक्शन' म्हणून मुलाला आत बोलावलं जातं आणि बाहेर आई-वडील सोफ्यावर ताटकळतात. भांडण काढायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण 'तुमचा मुलगा परीक्षेत कमी पडला' असं पाचवीच्या प्रवेशाला कुणी सांगितलं, तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मिळत नाही आणि सूर बदलतो.

म्हणजे अनुदानित शाळेत पाचवी किंवा आठवीला प्रवेश हवा असेल, तर क्लास लावून काही साधत नाही. तिथे तुकडीत जागा आहे का, आणि तुमचा अर्ज वेळेत आला का, एवढंच बघितलं जातं.

प्रवेश परीक्षा खरोखर आहे ती नवोदय, सैनिक स्कूल आणि आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य निवासी शाळांना. या परीक्षा सरकारी यंत्रणाच घेतात. नववीपासून कलम १३ चं संरक्षण राहत नाही, त्यामुळे तिथे खासगी शाळाही परीक्षा घेतात. केंद्रीय विद्यालयात आठवीपर्यंत परीक्षा नाही, प्रवर्गाच्या प्राधान्याने प्रवेश होतो. केंद्र सरकारी, बदलीच्या नोकरीतल्या पालकांची मुलं आधी. नाशिकरोडची प्रेस, देवळाली, ओझर या भागांतल्या केंद्रीय विद्यालयांवर अशा मुलांचाच हक्क आधी लागतो. बाकीच्यांनी अर्ज जरूर भरावा, पण त्याच्या भरवशावर दुसरी शाळा सोडू नये. नववीला मात्र केंद्रीय विद्यालयाची १०० गुणांची परीक्षा असते.

नवोदय: तयारी पाचवीत, पात्रता तिसरीत

आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांच्या आणि एक तृतीयांश मुलींच्या. अर्ज ऑनलाइन आणि मोफत. तो पावसाळ्यात निघतो, परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला.

आता 'ग्रामीण' म्हणजे काय, ते नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत नाव असलं, तरी मूल शहरी धरलं जातं. गिरणारेकडचे किंवा निफाडकडचे पालक चांगलं शिकेल म्हणून मुलाला तिसरी-चौथीत गंगापूर रोडच्या शाळेत घालतात, रोज व्हॅनने पाठवतात आणि पाचवीत नवोदयचा फॉर्म भरायला येतात. घर गावात, शेती गावात, रेशनकार्ड गावातलं. पण जनरल रजिस्टरला नाव शहरातल्या शाळेचं. मग मूल उरलेल्या जागांच्या गर्दीत जातं. तुमचं गाव अलीकडे नगरपंचायत झालं असेल, तर तेही अर्जाआधी मुख्याध्यापकांना विचारून घ्या.

आणखी तीन अटी. मूल त्या वर्षी पाचवीतच, आपल्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकत असलं पाहिजे. राहणंही त्याच जिल्ह्यात हवं. आणि ही परीक्षा एकदाच देता येते. 'यंदा अनुभव म्हणून बसवू' हा प्रकार इथे नाही.

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. मानसिक क्षमता ४० प्रश्न, गणित २० आणि भाषा २०. म्हणजे निम्मे गुण आकृत्यांना आहेत: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, घडी घालून कापलेला कागद. शाळेत हा भाग कुणी शिकवत नाही, म्हणून तयारी इथून सुरू करा. मुलांना हे कोड्यासारखं आवडतंही. भाषेत उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात. तिथे रोज पेपरातली एखादी बातमी मोठ्याने वाचून घेतली तरी पुष्कळ काम होतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा ठेवायचा नाही.

गोल शब्द मुद्दाम वापरला. दहा वर्षांच्या मुलाने ओएमआर, म्हणजे उत्तरासाठी गोल काळा करायची, उत्तरपत्रिका पाहिलेलीच नसते. प्रश्न २३ सोडून दिला की पुढची सगळी उत्तरं एक ओळ वर सरकतात, हे घरी दोनदा होऊ द्या, म्हणजे परीक्षेत होणार नाही. नमुना उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढा आणि बॉलपेननेच भरायला लावा. पेन्सिल तिथे चालत नाही, आणि खोडरबरची सवय असलेलं मूल पेनने गोल भरताना घाबरतं.

एक गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत. नवोदय निवासी आहे, सीबीएसईची आहे आणि नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवलं जातं. सहावी ते आठवी फी नाही. नववीपासून महिना ६०० रुपये विकास निधी आहे. मुली, अनुसूचित जाती-जमातीची आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतली मुलं त्यातून सुटतात. घरातल्या सगळ्यांना हे मान्य आहे का, ते परीक्षेआधी बोला. निकाल लागल्यावर आजीने नाही म्हटलं म्हणून सोडलेल्या जागा मी पाहिल्या आहेत.

सैनिक स्कूल

लोक तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट 'सैनिक शाळा' म्हणतात. १९६१ साली सुरू झालेली साताऱ्याची सैनिक स्कूल आणि नंतरची चंद्रपूरची, या केंद्राच्या सैनिक स्कूल सोसायटीच्या. राज्याच्या योजनेतल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सैनिकी शाळा वेगळ्या. आणि डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला सुरू केलेली भोसला मिलिटरी स्कूल ही एका संस्थेची. कुठल्या शाळेचा अर्ज कुठे भरायचा हे त्या त्या शाळेच्या यंदाच्या माहितीपत्रकात बघा. शेजारच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी काय केलं होतं, त्यावर जाऊ नका.

सातारा-चंद्रपूरसाठी अखिल भारतीय परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते. सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२, नववीसाठी १३ ते १५. सहावीचा पेपर ३०० गुणांचा, आणि त्यातले १५० गुण एकट्या गणिताचे. गणित कच्चं असेल तर इतर विषयांनी भरून निघत नाही. पुढे वैद्यकीय तपासणी असते. चष्म्याचा नंबर असेल तर डोळ्यांचे निकष आधी वाचा, मग वर्षभराची तयारी सुरू करा.

अनुसूचित जमातीच्या मुलांना एकलव्य निवासी शाळांचा मार्ग आहे, सहावीला परीक्षा. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, पण चौकशी तिथे न करता आपल्या प्रकल्प कार्यालयात करा, नाशिक किंवा कळवण.

कागद

प्रवेश अडतो तो गुणांपेक्षा कागदांवर. जन्मदाखला, आधार आणि सध्याच्या शाळेतलं रजिस्टर, या तिघांत मुलाचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे का ते आजच बघा. आपल्याकडे पगार आणि पगारे ही दोन वेगळी आडनावं आहेत. आधार केंद्रावरच्या पोराला ते माहीत नसतं. इंग्रजीत शेवटी एक अक्षर जास्त पडतं आणि ऑनलाइन अर्ज 'नाव जुळत नाही' म्हणून परत येतो. दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत सोपी असते, दाखला निघाल्यावर ती फार लांबते.

जातीचा दाखला सेतूत ऐन जूनमध्ये मागायला जाऊ नका, तेव्हा तिथे अकरावीवाल्यांची आणि डिप्लोमावाल्यांची रांग असते. हिवाळ्यात काढून ठेवा. नवोदय आणि सैनिक स्कूलला ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. राज्यात भटक्या जमातीत मोडणाऱ्या वंजारी, धनगर कुटुंबांची नावं केंद्राच्या यादीत ओबीसीत आहेत. त्यामुळे राज्याचा दाखला हातात असूनही तो तिथे पुरत नाही.

वयाचा पुरावा नाही म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सांगतं. ऊसतोडीहून किंवा द्राक्षबागेच्या कामाहून परतलेल्या कुटुंबांना हे सांगणारं कुणी नसतं.

प्रतीक्षा यादी

यादीत नाव लागलं म्हणजे काय, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही. माझा क्रमांक किती? कुठल्या प्रवर्गात? कुठल्या तुकडीसाठी, मराठी की सेमी? आणि यादी किती तारखेपर्यंत चालणार? सेमीची यादी तुंबलेली असताना त्याच शाळेच्या मराठी तुकडीत जागा रिकाम्या असतात, हे दरवर्षीचं आहे. आत गेल्यावर तुकडी बदलून मिळेल असं कुणी तोंडी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण मराठी माध्यम तुम्हाला चालत असेल तर जागा समोर आहे.

यादी कधी हलते? पहिल्यांदा नवोदय आणि इतर परीक्षांचे निकाल लागल्यावर. दुसऱ्यांदा जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, कारण नाव घातलेली पण न उगवलेली मुलं तेव्हा कळतात. बदलीवर गेलेले, गावी परतलेले, दुसरीकडे मिळालेले. या दिवसांत सकाळी अकराच्या आत ऑफिसात एक चक्कर मारा, आवाज न चढवता. रोज फोन करणाऱ्यापेक्षा समोर उभा असलेला पालक लक्षात राहतो, हे मी खिडकीच्या आतून सांगतोय.

तिसरी हालचाल पालकांना माहीत नसते. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात. पट थोडा कमी पडला तर पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यामुळे ज्या शाळेत जागा आहेत ती शाळा ऑगस्टमध्येही मूल घ्यायला तयार असते. उशीर झाला म्हणून घरी बसवू नका. आठवीपर्यंत उशिराचा प्रवेश कायद्याने द्यावाच लागतो.

अर्जावर चालू असलेला नंबर द्या आणि दुसरा नंबर घरच्या दुसऱ्या माणसाचा. आम्ही यादीतल्या पालकाला फोन करतो, तो शेतात किंवा सातपूरला शिफ्टमध्ये असतो, उचलत नाही, आणि जागा पुढच्या क्रमांकाला जाते.

मधल्या माणसाकडून 'काम होईल' असा निरोप आला तर एकच कसोटी: पावती मिळणार आहे का? कॅपिटेशन फीवर महाराष्ट्रात १९८७ पासून बंदी आहे. तक्रार करायची झाली तर माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी, पोच घेऊन.

दाखला

जागा पक्की झाल्याचं लेखी हातात येईपर्यंत जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. प्रतीक्षा यादीवर भरवसा ठेवून एलसी काढली आणि यादी हललीच नाही, तर जुनी जागाही गेलेली असते. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आपल्या राज्य मंडळाचा निकाल १ मेच्या आसपास. या मधल्या काळात नवी शाळा दाखल्याची घाई करते. तेव्हा बोनाफाइड आणि मागच्या वर्षाचं प्रगतिपुस्तक द्या, दाखला निकालानंतर देतो म्हणून लिहून द्या.

उलट तक्रारही असते: फी थकली म्हणून जुनी शाळा दाखला अडवते. आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाचा प्रवेश दाखला उशिरा आला म्हणून थांबवता येत नाही, कलम ५ तसं स्पष्ट म्हणतं. नव्या शाळेत मूल बसवा, दाखला मागाहून येऊ द्या.

आठवीत शाळा बदलणाऱ्यांनी अजून एक हिशेब करावा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून आलेल्या मुलाची फीमाफी आठवीला संपते. आणि आठवीत परीक्षा होते ती एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती, नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच मिळते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल हुशार असेल, तर याच वर्षी विनाअनुदानित शाळेत हलवणं महागात पडतं.

प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यात ऑफिसात या आणि नव्या जनरल रजिस्टरमधली तुमच्या मुलाची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव तिथूनच जातं. आईचं नाव, जन्मतारीख, जात, मागच्या शाळेचं नाव. ऑनलाइन प्रणालीवर जुन्या शाळेने मुलाला सोडलं आहे का तेही विचारा. तिकडून सोडलं नसेल तर इकडे नाव चढत नाही, आणि वर्गात रोज बसणारं मूल सरकारच्या लेखी जुन्याच शाळेत असतं.