वृद्धनिवासातील ज्येष्ठांसाठी हस्तकला : हातांना जमेल आणि मनाला पटेल असे काम

वृद्धनिवासात हस्तकलेचा तास सुरू करायचे ठरले की पुष्कळदा पहिली खरेदी होते ती खडूंच्या पेट्यांची आणि लहान मुलांसाठीच्या रंगवायच्या वह्यांची. हेतू चांगलाच असतो. परंतु ज्या बाईंनी चाळीस वर्षे घरादाराचे कपडे शिवले किंवा ज्या गृहस्थांनी आयुष्यभर लाकूडकाम केले, त्यांच्यासमोर बदकाचे चित्र रंगवायला ठेवले तर त्या हातांना काय येत होते याची आपण विचारपूसही केली नाही, असा त्याचा अर्थ होतो. हात थरथरतात, नजर मंदावते, लक्ष फार वेळ टिकत नाही, हे सगळे खरे आहे. म्हणून अवजारे, मांडणी आणि कामाचे टप्पे सोपे करावेत, काम मात्र मोठ्या माणसाचेच ठेवावे. तयार झालेली वस्तू वापरता यावी, कोणाला देता यावी किंवा भिंतीवर लावताना करणाऱ्याला समाधान वाटावे, एवढी कसोटी प्रत्येक उपक्रमाला लावली तरी निवड बरीच सुधारते.

अॅना मेरी रॉबर्टसन मोझेस (1860–1961) या अमेरिकन चित्रकर्त्री आधी लोकरीने भरतकामाची चित्रे करीत असत. संधिवातामुळे सुई धरणे अवघड झाले तेव्हा, सत्तरी उलटलेली असताना, त्या चित्रकलेकडे वळल्या आणि पुढे ‘ग्रँडमा मोझेस’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. प्रत्येकाकडून अशा कामगिरीची अपेक्षा नसते. पण एक साधन हातातून सुटले तर दुसरे शोधावे, हा त्यातला भाग प्रत्येक वृद्धनिवासात उपयोगी पडतो. त्यासाठी सामान आणण्याआधी प्रत्येकाशी निवांत बोलावे. पूर्वी हातांनी काय करीत होता, कोणते काम आवडत होते, कोणते आवडत नव्हते, हे विचारावे. आणखी एक गोष्ट याच वेळी विचारून घ्यावी, ती म्हणजे कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल; ‘आजी’ किंवा ‘आजोबा’ हे सगळ्यांनाच रुचते असे नाही.

जागा, उजेड आणि वेळ

वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते, बाहुली लहान राहते आणि पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश तरुणपणापेक्षा खूपच कमी होतो. त्यामुळे आपल्याला पुरेसा वाटणारा उजेड त्यांना अपुरा पडतो. उजेड कामावर बाजूने पडावा आणि डोळ्यांवर चकाकू नये. निळा आणि हिरवा, किंवा फिकट छटांतले दोन रंग, वेगळे ओळखणे अवघड जाते. म्हणून गडद टेबलावर फिकट कागद किंवा फिकट टेबलावर गडद कागद असा ठळक फरक ठेवावा. रेषा आखून द्यायची असेल तर पेन्सिलीची पुसट रेघ निरुपयोगी ठरते. जाड मार्करची 3 ते 5 मिलिमीटर रुंद रेघ आखावी.

चाकाची खुर्ची टेबलाखाली नीट सरकते का आणि दोन्ही कोपरांना आधार मिळतो का, हे स्वतः तपासावे; कोपर टेकलेले असले की थरथर बरीच आटोक्यात राहते. दूरदर्शन संच बंद ठेवावा, कारण ऐकू कमी येणाऱ्यांना मागचा आवाज आणि समोरचे बोलणे वेगळे करता येत नाही. एका गटात सहा ते आठ जण पुरेत, आणि प्रत्यक्ष काम पाऊण तासापेक्षा अधिक लांबवू नये. संधिवात असलेल्यांची बोटे सकाळी उठल्यावर आखडलेली असतात, तर स्मृतिभ्रंश असलेल्यांची अस्वस्थता अनेकदा संध्याकाळी वाढते. म्हणून न्याहारीनंतर तास-दीड तासाने बसणे सर्वांना मानवते.

चिमटीचे काम मुठीत आणणे

बारीक ब्रश, सुई किंवा मणी धरायला अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट लागते, आणि दुखऱ्या सांध्यांवर सर्वाधिक ताण नेमका तिथेच येतो. ब्रशच्या किंवा पेनच्या दांड्यावर फोमची नळी चढवली, किंवा कापडाची पट्टी गुंडाळून चिकटपट्टी लावली, की तेच साधन मुठीत धरता येते. आपोआप उघडणारी, स्प्रिंगची कात्री घ्यावी. तिच्यात दाबण्याचेच कष्ट उरतात. टेबलावर घसरू न देणारी रबरी चटई पसरावी आणि कागदाचे कोपरे चिकटपट्टीने पक्के करावेत. अर्धांगवायूनंतर एकाच हाताने काम करणाऱ्यांना तर या दोन गोष्टींवाचून काहीच करता येत नाही. अर्धांगवायू झालेल्या काही जणांचे एका बाजूकडे, बहुधा डाव्या बाजूकडे, लक्षच जात नाही. त्यांचे सामान त्यांचे लक्ष जाते त्या बाजूला मांडावे.

पुठ्ठ्यावरचे विणकाम

एकच उपक्रम निवडायचा झाला तर मी हा निवडेन. हालचाल तीच-तीच असल्याने हात लवकर सरावतात, काम मध्येच थांबवता येते, चूक उसवता येते आणि कोणत्याही टप्प्यावर ते बेढब दिसत नाही.

सुमारे 15 सेंटिमीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर लांब असा जाड पुठ्ठा घ्यावा. वरच्या आणि खालच्या कडेला एकमेकींपासून 1 सेंटिमीटर अंतरावर खाचा पाडाव्यात आणि त्या खाचांतून पक्का दोरा पुठ्ठ्याभोवती गुंडाळावा. हा झाला ताणा. ताण्याचे धागे एक सोडून एक वेगळ्या रंगाचे, उदाहरणार्थ पिवळा आणि गडद लाल, ठेवावेत. मग ‘या ओळीत पिवळ्यावरून, पुढच्या ओळीत लालवरून’ एवढेच सांगावे लागते, आणि मोजणी विसरली तरी डोळे वाट दाखवतात. हा भाग सहायकाने आधीच तयार ठेवावा.

बाण्यासाठी, म्हणजे ताण्यातून आडव्या ओवायच्या धाग्यासाठी, जाड लोकर आणि मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची प्लास्टिकची सुई वापरावी. धागा 60 सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नये, कारण लांब धागा ओढताना खांदा दर वेळी उचलावा लागतो आणि दहा मिनिटांत दुखू लागतो. नवशिक्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे धागा ताणून ओढणे. त्याने विण मध्यभागी आक्रसते आणि कडा आत जातात. यावर उपाय असा, की धागा सरळ न ओढता लहानशा टेकडीसारखा वर उचलून ठेवावा आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने खाली सारावा. कंगव्याचे काम मुठीने होत असल्याने ज्यांना सुई जमत नाही त्यांनाही ते करता येते. एकाने ओवावे आणि शेजारच्याने सारावे, अशी जोडी छान जमते. विण पूर्ण झाल्यावर पुठ्ठ्यामागचे धागे मधोमध कापून दोन-दोनच्या गाठी माराव्यात. एक पट्टी पेल्याखाली ठेवता येते. दोन जोडून शिवल्या की चष्म्याची पिशवी होते.

फाडलेल्या कागदांचे चित्र

कात्री ज्यांच्या हाती देणे योग्य नाही, त्यांच्यासाठी हे काम उत्तम. कागदाच्या तंतूंना दिशा असते, त्यामुळे तो एका बाजूने सरळ पट्टीत फाटतो आणि दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. दोन्ही प्रकार करून पाहू द्यावेत. सरळ पट्ट्यांचे शेत किंवा पाणी होते, वाकड्या कडांचे डोंगर आणि ढग होतात. फाडायला सुरुवात व्हावी म्हणून कडेला आधीच छोटी चीर देऊन ठेवावी. प्रत्येक तुकड्याला गोंद लावण्याऐवजी गडद कार्डशीटवर पाणी मिसळलेला पांढरा गोंद रुंद ब्रशने पसरावा आणि त्यावर तुकडे ठेवत जावे.

फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांना 1941 मध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाल्यानंतर उभे राहून रंगवणे कठीण झाले. तेव्हा सहायक मोठे कागद रंगवून देत, मातीस बसल्या जागी कात्रीने आकार कापत आणि कोणता आकार कुठे लावायचा हे सांगत. कामाची हीच वाटणी सहायकांनी मनावर घ्यावी : श्रमाचा भाग आपण उचलावा, निर्णय त्यांच्याकडे राहू द्यावा. निवड करायला सांगताना वीस कागद पसरू नयेत, दोन किंवा तीन पुढे करावेत. वाकडा चिकटलेला तुकडा हळूच सरळ करण्याचा मोह सर्वांनाच होतो, मलाही झालेला आहे. पण तसे केले की समोरच्या व्यक्तीचा हात मागे जातो आणि अनेकदा त्या दिवशी परत पुढे येत नाही.

आणखी काही

जुन्या वर्तमानपत्रांत ठेवून वजनाखाली दोन-तीन आठवडे दाबलेली पाने आणि फुले भेटकार्डांवर सुंदर दिसतात. ती नाजूक असल्याने बोटांनी न उचलता ओलसर, चपट्या ब्रशने उचलावीत. कण्हेरीसारख्या विषारी झाडांची पाने-फुले आणूच नयेत. लोकर 6 सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्यावर ऐंशी-शंभर वेळा गुंडाळून, मधोमध बांधून, कडा कापल्या की गोंडा तयार होतो. एकच हात चालत असेल तर पुठ्ठा टेबलाला चिमट्याने अडकवून द्यावा. दोन भाग मैदा, एक भाग मीठ आणि सुमारे एक भाग कोमट पाणी यांचा गोळा मळणे आखडलेल्या बोटांना सुखावह वाटते, पण वस्तू पातळ लाटून दोन-तीन दिवस उलटून-पालटून वाळवाव्या लागतात. त्यात मीठ घातक ठरण्याइतके असते, तेव्हा स्मृतिभ्रंशामुळे वस्तू तोंडात घालण्याची सवय असलेल्यांना हे काम देऊ नये. मणी आणि बटणे यांनाही तोच नियम लागू करावा.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना सगळी कृती एकदम समजावून सांगण्यापेक्षा एक टप्पा करून दाखवावा, थांबावे आणि तो झाल्यावरच पुढचा दाखवावा. शब्द हरवले तरी हातांना मुरलेली सवय पुष्कळ काळ टिकते. सुतळी गुंडाळणे किंवा कापडाच्या घड्या घालणे त्यांना सांगावेही लागत नाही.

सुरक्षिततेबाबत तीन गोष्टी पक्क्या ठेवाव्यात. गरम गोंदाची बंदूक वापरू नये. रक्त पातळ होण्याची औषधे कोणाला चालू आहेत हे परिचारिकेकडून आधी विचारून घ्यावे, कारण अशांना सुई टोचली किंवा कात्री लागली तर रक्त लवकर थांबत नाही. सुया आणि कात्र्या मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात.

तयार काम लावताना ते उभ्या कर्मचाऱ्याच्या नजरेला न येता चाकाच्या खुर्चीत बसलेल्याच्या नजरेला यावे, म्हणजे जमिनीपासून साधारण 110 ते 120 सेंटिमीटर उंचीवर असावे, आणि करणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नाव ठळक अक्षरात लिहावे. अपुरे काम ज्याच्या त्याच्या नावाच्या तबकात, सुई मोजणीत धरून ती होती तिथेच टोचून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच हात चालू लागतो. कधी एखादे तबक मागेच राहते. तो पुठ्ठा उसवून दुसऱ्याला देण्याआधी घरच्यांना विचारावे. अर्धी विण जशी आहे तशी नेणारे पुष्कळ असतात.